हुंकाराच्या संगतीने

सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या वेळी जवळच्या गनियारी गावातील तीजनबाई तीन वर्षांच्याही नव्हत्या. भिलाईचा इतिहास सहसा टनांत मोजला जातो. तिच्या वेशीवर घडत असलेल्या या दुसऱ्या प्रतिभेची मोजदाद मात्र त्या मापाने होण्यासारखी नव्हती.

तीजनबाईंना शालेय शिक्षण लाभले नाही. आईचे वडील ब्रिजलाल पारधी सबलसिंह चौहान यांच्या महाभारतातील प्रसंग गात. ते कानी पडत गेले, आवडले आणि घोळवता घोळवता मुखोद्गत झाले. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडून काही संथा मिळाली. आरंभीचा अभ्यास म्हणावा तो एवढाच: ऐकणे आणि म्हणून पाहणे. वयाच्या तेराव्या वर्षी चंदखुरी गावात त्यांनी पहिल्यांदा जाहीरपणे पंडवानी गायिली; बिदागी दहा रुपये.

पंडवानीच्या दोन शाखा. वेदमतीत गायक बसून, ग्रंथाला धरून गातो. कापालिकेत उभा राहून, प्रसंग खुलवीत, पात्रे वठवीत जातो. स्त्रियांनी बसूनच गावे, असा संकेत होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. जातीने त्यांना वाळीत टाकले, तेव्हा वेगळी झोपडी बांधून, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी मागून आणून त्या राहिल्या. गाणे मात्र सुटले नाही. नित्याच्या सरावाची खरी कसोटी अशा दिवसांतच लागते, आणि तिची किंमतही तेव्हाच कळते.

आपल्याकडील कीर्तनकारही उभ्यानेच आख्यान लावतो. परंतु पंडवानीतील रागी केवळ साथीला नसतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आणि गायिकेला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. कथानक पाठ असल्यामुळेच मन असे मोकळे राहते. हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य; दुःशासनवधाचा प्रसंग श्रोत्यांना ठाऊक असतो, तरी तो पुन्हा ऐकावासा वाटतो.

हबीब तन्वीर यांनी हे सामर्थ्य ओळखले. पुढे परदेशांतले रंगमंच आले, १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, २०१९ मध्ये पद्मविभूषण आले. मधल्या काळात तीजनबाईंनी त्याच भिलाईच्या कारखान्यात नोकरी केली, आणि सुटी काढून त्या गावोगावी पांडवांची कथा सांगत राहिल्या.