शिजियाझुआंग

शिजियाझुआंग : चीनच्या हबेई प्रांताची राजधानी. हे औद्योगिक शहर बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारे २७० किमी.वर, तायहांग पर्वताच्या पूर्व पायथ्याशी वसले आहे. चीनमधील बहुतेक प्रांतिक राजधान्यांमागे जुने तट आणि राजवंश उभे असतात. हे शहर मात्र रेल्वेने घडवले.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे लहानसे खेडे होते. बीजिंग–हानकौ लोहमार्ग त्याच्याजवळून गेला. पुढे शान्शी प्रांतातील कोळशासाठी फ्रेंच भांडवलावर तायुआनचा मार्ग आखला गेला. तो जंगदिंग या प्राचीन नगरातून निघायचा होता. पण हुतुओ नदीवरील पुलाचा खर्च टाळण्यासाठी जंक्शन नदीच्या दक्षिणेस, या खेड्यापाशी आणले. १९०७ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग मीटरगेज, तर मुख्य मार्ग त्याहून रुंद. त्यामुळे वाघिणींतला माल येथे उतरवून पुन्हा भरावा लागे. हमाल, वखारी आणि व्यापारी यांची वस्ती या अडचणीतूनच वाढली. भोवतालच्या कापूसपट्ट्यामुळे १९२० च्या दशकात कापडगिरणीही निघाली.

१९३७ मध्ये शहर जपान्यांच्या ताब्यात गेले. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी ते कम्युनिस्ट फौजांनी जिंकले आणि १ डिसेंबर १९४८ रोजी चीनची मध्यवर्ती ‘पीपल्स बँक’ येथेच स्थापन झाली. १९५० च्या दशकात मोठ्या कापडगिरण्या व पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. औषधनिर्मिती हा आजही येथील प्रमुख उद्योग आहे. राजधानीचा मान बावदिंगकडून १९६८ मध्ये आला. येथील सानलू कंपनीच्या भेसळयुक्त दूधभुकटीने २००८ मध्ये देशभर अर्भके दगावली व लाखो आजारी पडली, हा शहराच्या इतिहासातील अत्यंत दुःखद अध्याय होय.

शहरातील उत्तर चीन हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांची समाधी व पुतळा आहे. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या या डॉक्टरांनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर अखेरपर्यंत शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही येथेच आहे. चिनी शहरात मराठी माणसाला इतका आदर क्वचितच कुठे लाभला असेल.

प्राचीन वारसा पाहायचा तर शहराबाहेर जावे लागते. जंगदिंगच्या लाँगशिंग मंदिरात दहाव्या शतकातील, २० मी.हून उंच ब्राँझची अवलोकितेश्वर मूर्ती आहे. दक्षिणेकडील जाओ परगण्यात ली चुन यांनी इ. स. ६०५ च्या सुमारास बांधलेला दगडी कमानपूल आहे. सुमारे ३७ मी. गाळ्याच्या या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर लहान कमानी ठेवल्याने पुलाचे वजन घटले आणि पुराच्या पाण्यालाही वाट मिळाली.