'वाइल्ड विगलर': सुरवंटाचं तोंड असलेली ही गाडी 'मारिओ कार्ट'मध्ये सगळ्यांना का हवी होती?

'मारिओ कार्ट 8 डीलक्स'च्या ऑनलाइन शर्यतींचे व्हिडीओ तुम्ही पाहिले असतील, तर एक गोष्ट नक्की खटकली असेल. गेममध्ये गाड्या डझनावारी, पण सुरुवातीच्या रेषेवर उभे असलेले बरेचसे खेळाडू एकाच पिवळ्या, सुरवंटासारख्या गाडीवर बसलेले. या गाडीचं नाव 'वाइल्ड विगलर'. ती इतकी लोकप्रिय का झाली आणि नंतर काय बदललं, ते समजून घेऊ.

विगलर कोण आहे?

विगलर हा निन्टेन्डोच्या मारिओ गेम्समधला सुरवंट आहे. 1990 साली आलेल्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये तो पहिल्यांदा दिसला. पिवळं अंग, डोक्यावर फूल आणि संथ चाल. पण त्याच्या अंगावर उडी मारली की तो रागाने लाल होतो आणि सुसाट धावत सुटतो.

2011 च्या 'मारिओ कार्ट 7'मध्ये तो स्वतः गाडी चालवायचा. 2014 मध्ये वी यू कन्सोलसाठी 'मारिओ कार्ट 8' आला, तेव्हा मात्र ड्रायव्हरच्या यादीतून त्याचं नाव गेलं. त्याऐवजी त्याच्या रूपातली चार चाकांची एटीव्ही मिळाली. हीच वाइल्ड विगलर. 2017 मध्ये स्विचवर 'मारिओ कार्ट 8 डीलक्स' आला, त्यातही ती कायम राहिली. या आवृत्तीच्या 6 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत.

गाडी दिसते तशी चालते का?

नाही. खरी गंमत इथेच आहे.

या गेममध्ये ड्रायव्हर, गाडी, चाकं आणि ग्लायडर अशा चार गोष्टी निवडायच्या असतात. चारही गोष्टींच्या गुणांची बेरीज होते आणि त्यावर तुमची गाडी कशी धावणार ते ठरतं. गाडीवर कोणाचा चेहरा आहे, याला शर्यतीत काहीच किंमत नाही.

वाइल्ड विगलरचंच उदाहरण घ्या. तिचे आणि 'डब्ल्यू 25 सिल्व्हर अ‍ॅरो'चे गुण सारखेच आहेत. सिल्व्हर अ‍ॅरो ही मर्सिडीज-बेंझची 1934 सालची खरीखुरी रेसिंग कार. मर्सिडीजसोबतच्या करारातून ती 2014 मध्ये गेममध्ये आली. साधी 'स्टँडर्ड बाइक' आणि 'फ्लेम रायडर' याही याच गटात मोडतात. म्हणजे कार्टून सुरवंट, जुनी जर्मन रेसिंग कार आणि दोन बाइक, आकड्यांच्या हिशोबात चौघी जुळ्या बहिणीच.

पडद्यावर न दिसणारा आकडा

गाडी निवडताना पडद्यावर पाच पट्ट्या दिसतात: वेग, अ‍ॅक्सेलरेशन, वजन, हँडलिंग आणि ट्रॅक्शन. पण 'मिनी-टर्बो' नावाचा एक महत्त्वाचा गुण तिथे दिसतच नाही.

वळणावर ड्रिफ्ट केलं की चाकांतून आधी निळ्या, मग केशरी आणि शेवटी जांभळ्या ठिणग्या उडतात. बटण सोडलं की गाडीला जोराचा धक्का मिळून ती पुढे झेपावते. मिनी-टर्बो जितका जास्त, तितक्या ठिणग्या लवकर पेटतात आणि धक्काही जास्त वेळ टिकतो. एका शर्यतीत चांगला खेळाडू असे कितीतरी धक्के घेतो. त्यामुळे नुसत्या वेगापेक्षा हा लपलेला आकडा जास्त कामाला येतो.

वाइल्ड विगलरचा मिनी-टर्बो चांगला आहे आणि त्यासाठी वेगाची फार मोठी किंमत मोजावी लागत नाही. वजनदार, वेगवान वॉल्युईजी ड्रायव्हर म्हणून घेतला आणि रोलर चाकं बसवली की दोन्ही बाजू साधल्या जायच्या. ही जोडी 'वॉल्युईजी-विगलर' नावाने प्रसिद्ध झाली. डॉन्की काँग आणि रॉय यांचे गुणही वॉल्युईजीसारखेच आहेत, तरी नाव झालं ते वॉल्युईजीचंच.

मग अडचण काय झाली?

जिंकायचं असेल तर एकच जोडी घ्यायची, असं एकदा ठरलं की बाकीची पात्रं आणि गाड्या नावापुरत्या उरतात. ज्याला पीच किंवा टोड आवडतो, त्याच्यापुढे दोनच पर्याय राहतात: आवडतं पात्र सोडा किंवा शर्यतीच्या आधीच थोडं मागे पडा.

मार्च 2023 मध्ये निन्टेन्डोने 2.3.0 हे अपडेट आणलं आणि अनेक पात्रांचे व गाड्यांचे गुण बदलले. वॉल्युईजी-विगलरची मक्तेदारी मोडली. पण लवकरच योशी आणि 'टेडी बग्गी' ही नवी लाडकी जोडी पुढे आली. राजा बदलला, गादी तिथेच राहिली. एखादी जोडी थोडी जरी सरस असली, तरी स्पर्धा खेळणारे लोक ती शोधून काढतातच.

त्याच वर्षी जुलैमध्ये विगलर ड्रायव्हर म्हणून परत आला. त्यामुळे आता विगलर स्वतःच्याच चेहऱ्याच्या गाडीवर बसू शकतो.

तुम्ही काय निवडावं?

घरी भावंडांसोबत किंवा मित्रांसोबत खेळत असाल तर आवडेल ती गाडी घ्या. तिथे वळणं नीट घेणं आणि केळ्याच्या सालीपासून वाचणं हेच जास्त महत्त्वाचं. आणि विगलरचे गुण हवेत पण सुरवंट नको असेल, तर सिल्व्हर अ‍ॅरो घ्या. गुण तेच मिळतील, फक्त समोरच्याला ते लगेच कळणार नाही.