विश्लेषण : अन्ननलिकेचं छिद्र थेट महाधमनीत उघडलं तर? ही शस्त्रक्रिया इतकी अवघड का?

मासे खाताना काटा घशात अडकला, की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, ‘भाताचा गोळा गिळ’ किंवा ‘केळं खा’. बहुतेक वेळा काटा टॉन्सिलच्या आसपास असतो आणि फारसं काही बिघडत नाही. पण टोकदार काटा किंवा हाड अन्ननलिकेत खाली जाऊन रुतलं असेल, तर वरून ढकललेला घास त्याला आणखी आत खुपसू शकतो. आणि त्या भिंतीपलीकडे काय आहे? शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी.

या दोघींमध्ये आरपार वाट तयार झाली, तर त्याला एओर्टो-इसोफेजियल फिस्टुला म्हणतात. फिस्टुला म्हणजे दोन पोकळ अवयवांना जोडणारी, नसायला हवी अशी वाट. हा आजार दुर्मीळ आहे, पण शस्त्रक्रिया झाली नाही तर जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो.

दोघी इतक्या जवळ कशा?

अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब असते. छातीतून खाली जाताना महाधमनीची कमान तिच्या डाव्या बाजूने वळसा घेते. तिथे अन्ननलिका थोडी दाबली जाते आणि अरुंद होते. त्यामुळे गिळलेल्या वस्तू अडकण्याच्या ठरलेल्या जागांपैकी ही एक आहे. शिवाय आतड्यांना असतं तसं बाहेरचं चिवट आवरण अन्ननलिकेला नसतं.

फिस्टुला होण्याचं कारण मात्र फक्त काटा नाही. महाधमनीला फुगा आला (डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात) तर तो अन्ननलिकेवर दाब देत तिला झिजवतो. अन्ननलिकेचा कर्करोग उलट दिशेने पोखरत जातो. महाधमनीत आधी बसवलेल्या स्टेंटनंतर किंवा कृत्रिम नळीच्या शस्त्रक्रियेनंतरही हा प्रकार होऊ शकतो. लहान मुलांमध्ये सगळ्यात घातक वस्तू म्हणजे रिमोट किंवा खेळण्यातला नाण्यासारखा चपटा सेल. तो अडकला की विद्युतप्रवाहामुळे तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत भाजायला सुरुवात होऊ शकते. सेल काढल्यावरही ही इजा खोल जात राहते. म्हणून काही मुलांना रक्तस्राव काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही होतो.

आधी थोडं रक्त, मग शांतता

या आजाराची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे त्याचा क्रम. 1914 मध्ये कियारी यांनी तो नोंदवला आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आधी छातीच्या मधोमध दुखतं. मग लालभडक रक्ताची एक छोटी उलटी होते. त्यानंतर काही तास, कधी काही दिवस काहीच होत नाही. आणि मग प्रचंड रक्तस्राव.

मधली शांतता येते, कारण रक्तदाब उतरतो आणि छिद्रावर रक्ताची गाठ बसते. रुग्णाला बरं वाटतं, घरच्यांना ‘अ‍ॅसिडिटी असेल’ असं वाटतं. पण हृदय दर मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त महाधमनीत ढकलत असतं. ती गाठ सरकली की हाताशी उरतात ती काही मिनिटं. जे काही करायचं, ते या शांततेतच करावं लागतं.

रक्ताची उलटी झाली की एरवी डॉक्टर आधी एंडोस्कोपी करतात. इथे मात्र दुर्बिणीचा धक्का त्या गाठीलाच लागू शकतो. म्हणून शंका असेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर आधी सीटी अँजिओग्राफी केली जाते. रक्तदाबही मुद्दाम फार वाढू दिला जात नाही.

स्टेंटने काम भागत नाही का?

महाधमनीच्या आतून, कापडाचं आवरण असलेला स्टेंट बसवण्याची सुरुवात 1987 मध्ये खार्किव्ह इथले सर्जन निकोलाय व्होलोडोस यांनी केली. आज जांघेतल्या रक्तवाहिनीतून तार सरकवून असा स्टेंट छातीपर्यंत नेता येतो. छाती न उघडता रक्त थांबतं, आणि मरणाच्या दारातल्या रुग्णासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण छिद्र एक नाही, दोन आहेत. अन्ननलिकेचं छिद्र तसंच राहतं. त्यातून लाळ, अन्न आणि तोंडातले जंतू थेट नव्या स्टेंटवर पोहोचतात. बाहेरच्या वस्तूवर बसलेला संसर्ग नुसत्या अँटिबायोटिकने सहसा जात नाही. तो भिंत पुन्हा पोखरतो आणि रक्तस्राव परत होतो. म्हणून बहुतेक सर्जन स्टेंटकडे मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळवून देणारा पूल म्हणून बघतात.

मोठी शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय?

छातीची डावी बाजू उघडून महाधमनीचा खराब भाग काढतात. त्यासाठी तिला दोन्ही बाजूंनी चिमटे लावावे लागतात. मग खालच्या अंगाला रक्त कसं मिळणार? ते यंत्राच्या मदतीने पुरवलं जातं. तरीही मूत्रपिंडं आणि मज्जारज्जू यांना धोका राहतो. रुग्ण वाचला, पण कमरेखाली लुळा पडला, असंही होऊ शकतं.

कापलेल्या जागी नवी नळी बसवायची असते, तीही संसर्ग झालेल्या जागेत. अवयवदात्याची गोठवून जपलेली महाधमनी मिळाली तर उत्तम, पण ती वेळेवर मिळणं कठीण. पर्याय म्हणजे रिफॅम्पिसिनमध्ये भिजवलेली कृत्रिम नळी. हो, क्षयरोगाच्या गोळ्यांमधलं, लघवी केशरी करणारं तेच औषध! मग पोटातली चरबीची झालर (ओमेंटम) वर ओढून नळीभोवती गुंडाळतात. तिला भरपूर रक्तपुरवठा असल्याने ती संसर्गाशी लढायला मदत करते.

अन्ननलिकेची इजा अगदी छोटी आणि ताजी असेल तर टाके घालता येतात. नाहीतर ती काढावी लागते. वरचं टोक मानेवर बाहेर आणतात, तिथून लाळ पिशवीत जमा होते. अन्न नळीवाटे थेट लहान आतड्यात दिलं जातं. संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावर, अनेकदा काही महिन्यांनी, जठर किंवा मोठं आतडं वर ओढून नवी अन्ननलिका तयार करतात. तोवर रुग्ण तोंडाने जेवू शकत नाही. अँटिबायोटिक बराच काळ चालतात, काहींना आयुष्यभर.

एवढं करूनही सगळे वाचत नाहीत. हाड किंवा काट्यामुळे झालेल्या फिस्टुलातून रुग्ण वाचल्याची पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली, तीच 1980 मध्ये.

काटा अडकला तर काय करायचं?

भाताचा गोळा, केळं, पाव यातलं काहीही गिळू नका. दुखणं किंवा टोचणं थांबत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. माशाचा काटा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला, पण छातीत दुखतंय, तर सीटी स्कॅनबद्दल विचारा. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी सकाळची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा. रक्ताची उलटी एकदाच होऊन थांबली असेल, तरीही त्याच वेळी आपत्कालीन विभागात जा, आणि आधी काटा अडकला होता किंवा महाधमनीवर उपचार झाले होते, हे तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.