ब्लॅक पँथर : चित्रकथेतून चित्रपटाकडे

१९७२ हे साल ज्यांच्या मनात दलित पँथरशी बांधलेले आहे, त्यांच्यापैकी फार थोड्यांना हे माहीत असेल की त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चित्रकथेतील काळ्या नायकाने 'पँथर' हे नाव टाकून दिले होते. मार्व्हल कंपनीच्या 'फँटास्टिक फोर' या मासिकाचा ११९ वा अंक. त्यावर फेब्रुवारी १९७२ अशी तारीख आहे. वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा टीचाला एका वर्णद्वेषी राष्ट्राच्या तुरुंगात सापडतो, आणि तेथेच आपल्या गोऱ्या मित्रांना सांगतो की यापुढे मला 'ब्लॅक लेपर्ड' म्हणा. कारणही तोच देतो. तुमच्या देशात जुन्या नावाला राजकीय अर्थ चिकटला आहे. ते नाव घेणाऱ्यांचा मी निषेध करीत नाही, समर्थनही करीत नाही. तुरुंग वर्णद्वेषाचा, आणि राजाला अडचण वाटते ती नावाची !

त्यानंतर काही महिन्यांतच मुंबईच्या वस्त्यांतील तरुणांनी नेमके तेच नाव उचलले. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे सहकारी यांना त्या चित्रकथेशी काही देणेघेणे नव्हते. त्यांनी नाव घेतले ते ओकलंडच्या काळ्या तरुणांच्या पक्षाचे. राजा ज्या नावाला कचरला ते नाव आपल्या पोरांनी छातीवर घेतले. २०१८ साली आलेल्या 'ब्लॅक पँथर' या चित्रपटाचा विचार मी याच ठिकाणाहून करू इच्छितो. चित्रकथा चित्रपटात कितपत उतरली, हा प्रश्न पोशाख आणि मारामाऱ्या यांच्यापुरता नाही. कोणता संताप आणि कोणता शत्रू कागदावरून पडद्यावर आला आणि कोणता वाटेत गळाला, हे पाहिले पाहिजे.

आधी नावाचे कूळ पाहू. अलाबामा राज्यातील लाउन्डस परगण्यात बहुसंख्य लोक काळे. पण १९६५ च्या आरंभी तेथल्या मतदारयादीत एकही काळा माणूस नव्हता. तेथे उभ्या राहिलेल्या लाउन्डस काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशनने काळा पँथर हे निवडणूकचिन्ह घेतले. निरक्षर मतदाराला ओळखता यावे म्हणून पक्षाला चिन्ह लागे. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती आपल्या आईबापांनी असाच ओळखला. तेथल्या गोऱ्या डेमोक्रॅट पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि सोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाची उघड घोषणा. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला आपला पक्ष स्थापन केला तेव्हा पँथर त्यांनी लाउन्डसहून आणला. टीचालाचा जन्म त्याच्या थोडा आधीचा. जुलै १९६६ ची तारीख असलेल्या 'फँटास्टिक फोर'च्या ५२ व्या अंकातला. त्याचे निर्माते स्टॅन ली आणि जॅक कर्बी. ली हा नावाचा निव्वळ योगायोग असल्याचे सांगत. ते मानायला माझी हरकत नाही.

ली आणि कर्बी दोघेही न्यूयॉर्कच्या स्थलांतरित ज्यू घरांतले. त्यांनी केलेली गोष्ट त्या काळात लहान नव्हती. ज्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक वाचले त्यांना वेताळ आठवत असेल. रानातल्या गुहेत, कवटीच्या सिंहासनावर पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा बसतो आणि काळे बुटके विषारी बाण घेऊन त्याच्यासाठी पहारा देतात. आम्ही ते मिटक्या मारीत वाचले. त्या सिंहासनावर काळा माणूस बसवायचा, तोही विज्ञानात अमेरिकेच्या पुढे असलेल्या देशाचा राजा म्हणून, यासाठी धाडस लागते. पण ते धाडस गोऱ्या वाचकाच्या पैशावर चालणारे होते, आणि १९७२ साली त्याची मर्यादा दिसून आली. 'लेपर्ड' हे नाव टिकले नाही हा भाग निराळा.

चित्रकथेचे खरे तेज मला दिसते ते पुढच्या वर्षी. 'जंगल अ‍ॅक्शन' नावाच्या मासिकात तोवर रानात फिरणाऱ्या गोऱ्या वीरांच्या आणि वीरांगनांच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या जात. सप्टेंबर १९७३ च्या ६ व्या अंकापासून तेथे डॉन मॅकग्रेगर या लेखकाने 'पँथर्स रेज' ही दीर्घ कथा सुरू केली. लेखक गोरा होता. पुढील बरेच अंक काढणारा चित्रकार बिली ग्रॅहॅम काळा होता. कथा जवळजवळ सगळी वाकांडात घडते आणि पात्रे जवळजवळ सगळी काळी. येथला राजा जखमी होतो, त्याचे कपडे फाटतात, तो पडतो. अमेरिकेत महानायकांच्या टोळीत मिरवत असताना आपल्या गावांकडे त्याचे लक्ष नव्हते, हे प्रजा त्याला ऐकवते. त्याच्याविरुद्ध उभा राहतो एरिक किलमाँगर. एका गोऱ्या लुटारूच्या स्वारीत उद्‌ध्वस्त झालेला, देशाबाहेर फेकला गेलेला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला वाकांडाचा माणूस. दोन-दोन महिन्यांनी अंक येई, आणि तेवढा काळ राजा वाचकाच्या मनात जखमीच राही. हे सामर्थ्य चित्रकथेचे आहे. सव्वादोन तासांच्या चित्रपटाला ते मिळत नाही.

मॅकग्रेगरने नंतर टीचालाला अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात नेले आणि क्लू क्लक्स क्लॅनसमोर उभे केले. १९७६ च्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर क्लॅनवाल्यांनी त्याला जळत्या क्रूसाला बांधलेले आहे. कथा पुरी झाली नाही. त्याच वर्षी २४ व्या अंकानंतर मासिक बंद पडले.

आता चित्रपट. दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः ओकलंडचा, १९८६ चा जन्म. पडद्यावर जे उत्तम उतरले ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. रूथ कार्टर यांनी आफ्रिकेतील निरनिराळ्या समाजांची वस्त्रे, मणी आणि दागिने अभ्यासून वाकांडाला अंग दिले. वेशभूषेचे ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी स्त्री. वाकांडाची माणसे आपसात खोसा ही दक्षिण आफ्रिकेची जिवंत भाषा बोलतात. कागदावरच्या फुग्यात सगळे इंग्रजीच असते; पडद्यावर मात्र काळ्या माणसाची भाषा कानावर पडते. स्त्रियांच्या बाबतीत चित्रपट चित्रकथेच्या पुढे गेला आहे. राजाच्या अंगरक्षक स्त्रियांचे दल, डोरा मिलाजे, ख्रिस्तोफर प्रीस्ट या काळ्या लेखकाने १९९८ मध्ये आणले. पण तेथे त्या टोळीटोळीतून राजाला वाहिलेल्या, त्याच्या होऊ घातलेल्या बायका होत्या. वाहिलेल्या मुली म्हणजे काय हे मुरळी-जोगतिणींच्या प्रदेशात मी सांगण्याची गरज नाही. चित्रपटाने ती घाण काढून टाकली. सेनापती ओकोये ही कोणाची होऊ घातलेली बायको नाही.

असेच शहाणपण म्बाकूच्या बाबतीत. १९६९ च्या चित्रकथेत तो पांढऱ्या गोरिलाचे कातडे पांघरणारा 'मॅन-एप' होता. काळ्या माणसाला माकड म्हणणे ही गोऱ्यांची जुनी शिवी, आणि ती कातड्यासकट कथेत शिरली होती. चित्रपटाने ते नाव टाकले आणि त्याला डोंगरातल्या स्वाभिमानी टोळीचा प्रमुख केले. या टोळीच्या तोंडी हनुमानाचा जयजयकार आहे. भारतात चित्रपट दाखवताना आपल्या परीक्षण मंडळाने तेवढा शब्द मूक केला. देवाचे नाव काळ्याच्या तोंडून ऐकायला आपले कान अजून तयार नसावेत !

परंतु रूपांतराची खरी कसोटी किलमाँगर आहे. चित्रकथेत तो वाकांडात जन्मला. कूगलरने त्याचा जन्म ओकलंडमध्ये घातला. १९९२ साल, राजाचा धाकटा भाऊ हेर म्हणून तेथे राहतो, काळ्यांची दैना पाहतो आणि वाकांडाची शस्त्रे त्यांना द्यायची ठरवतो. त्याच्या घरात वावरणारा मित्र राजाचा खबऱ्या निघतो. राजा भावाला ठार करतो आणि पुतण्याला, लहान मुलाला, तेथेच सोडून निघून जातो. मूळ कथेत नसलेला हा सर्व भाग मला चित्रपटातील सर्वांत खरा वाटला. येथे कूगलरने चित्रकथेचे रूपांतर केले नाही, आपल्या शहराच्या इतिहासाचे केले. शिकागोचा पँथर पुढारी फ्रेड हॅम्प्टन ४ डिसेंबर १९६९ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी बिछान्यात मारला गेला, त्या घराचा नकाशा एफ्‌बीआयला पुरवणारा खबऱ्या त्याच्या पक्षातलाच होता. आणि वाकांडा हे अदृश्य कुंपणामागचे समृद्ध गाव. आपल्याच रक्ताचे पोर गावकुसाबाहेर टाकून ते शतकानुशतके सुखात राहिले. किलमाँगर दाराशी येऊन विचारतो की आम्ही मरत होतो तेव्हा तुम्ही कुठे होता ? हा प्रश्न मला ओळखीचा वाटला.

असा प्रश्न विचारणाऱ्याचे चित्रपट पुढे काय करतो ? त्याच्या अंगावर त्याने मारलेल्या माणसांचे व्रण मोजून कोरतो, त्याच्या प्रेयसीला त्याच्याच हातून मारतो, म्हाताऱ्या बाईचा गळा धरायला लावतो. त्याचा प्रश्न खरा राहतो. माणूस मात्र असा रंगवला जातो की प्रेक्षकाने त्याच्या मरणाने सुटकेचा श्वास टाकावा. आणि जगभरच्या काळ्यांकडे शस्त्रे नेणारी विमाने कोण पाडतो ? एव्हरेट रॉस, सीआयएचा गोरा अधिकारी. प्रीस्टच्या चित्रकथेत हा रॉस परराष्ट्र खात्यातला गोंधळलेला, हास्यास्पद नोकर होता. त्याच्या भाबड्या नजरेतून लेखक गोऱ्या अमेरिकेची थट्टा करी. पडद्यावर तो सीआयएचा शूर माणूस झाला. काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांना मारण्याचा कट याच संघटनेने रचला होता, हे अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीनेच १९७५ मध्ये नोंदवले आहे. आफ्रिकेवरच्या कथेत असा बदल निष्पाप असू शकत नाही.

शेवटाचा फरकही पाहावा. दोन्हीकडे लढत धबधब्याच्या कड्यावर होते. किलमाँगर राजाला उंचावर धरून खाली फेकतो, ते दृश्य चित्रपटाने जसेच्या तसे उचलले आहे आणि ते भव्य उतरले आहे. पण 'जंगल अ‍ॅक्शन'च्या १७ व्या अंकात किलमाँगरचा अंत राजाच्या हातून होत नाही. राजा हरत आलेला असतो, आणि कांटू नावाचा लहान मुलगा, ज्याचा बाप या बंडात गेला, किलमाँगरला कड्यावरून ढकलतो. प्रजेतले एक अनाथ पोर निकाल लावते. चित्रपटात कांटू नाही. तेथे भाला राजाच्या हातात आहे. ता-नेहिसी कोट्स या काळ्या लेखकाने २०१६ पासून लिहिलेल्या चित्रकथेत तर प्रजा बंड करते आणि राजाला अखेर राज्यघटनेच्या वाटेला यावे लागते. चित्रपट बनत होता तेव्हा हे अंक दुकानात होते. तरी पडद्यावरचा राजा द्वंद्वयुद्धाने ठरतो आणि जनता टाळ्या वाजवते. व्यक्तिपूजेविषयी बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही टाळी खटकेल.

आणि क्लॅन कुठे आहे ? कुठेच नाही. वाकांडाला लुटणारा गोरा चोर अर्ध्या वाटेत मरतो, पुढची सगळी लढाई काळ्याची काळ्याशी. १९७६ च्या, तोट्यातल्या, दोन महिन्यांनी निघणाऱ्या स्वस्त मासिकाला जो शत्रू नाव घेऊन दाखवता आला, तो सुमारे २० कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटाला दाखवता आला नाही. मला वाटते, येथे दोष माध्यमाचा नसून भांडवलाचा आहे. जगभर १३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवणाऱ्या मालाला सर्वांनाच गिऱ्हाईक करावे लागते.

चित्रपटाच्या अखेरीस टीचाला ओकलंडला परततो. ज्या इमारतीत त्याच्या बापाने भावाला मारले ती तो विकत घेतो आणि तेथे गरिबांसाठी केंद्र काढणार असल्याचे जाहीर करतो. बास्केटबॉल खेळणारी मुले त्याच्या विमानाभोवती जमतात आणि त्यांतला एक त्याला विचारतो, तू कोण आहेस ? राजा नुसता हसतो. याच शहरात जानेवारी १९६९ मध्ये, एका चर्चच्या खोलीत, पँथर पक्षाच्या माणसांनी देणग्या गोळा करून शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा बॉबी सील हयात होते, ८१ वर्षांचे. त्यांच्या पक्षाचे नाव त्या चित्रपटात कोणीही उच्चारत नाही.