प्लेग गेला, कोंदट खोली राहिली

घरात एकाला टीबी झाला की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, बाकीच्यांचं काय?" मी आधी विचारतो, घराला खिडक्या किती? या प्रश्नामागे मुंबईचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. इथे धान्याची गोदामं होती, उंदीर होते आणि अंधाऱ्या घरांत दाटीवाटीने राहणारी माणसं होती. सरकारने घरं धुतली, चुना मारला, रुग्णांना बळजबरीने इस्पितळात नेलं. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये सांगितलं.

त्याच वर्षी मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पण जितकी घरं पाडली, तितकी गरिबांना परवडणारी बांधली नाहीत. उठवलेली माणसं जवळच्याच चाळींत शिरली आणि तिथली गर्दी वाढली.

पुढे प्लेग ओसरला. कोंदट खोली मात्र राहिली. टीबी हवेतून पसरतो. खेळत्या हवेत जंतू विरळ होतात, उन्हात मरतात. बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात.

म्हणून खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकी तपासून घ्या. दार-खिडक्या उघड्या ठेवा. आणि पुनर्वसनाच्या घराचा नकाशा समोर आला, की चौरस फुटांबरोबर हेही विचारा: ऊन कुठून येणार?