यंत्रांच्या खेळांतील दांडगाई आणि पंच

जुहू म्हटलें म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें समुद्राची वाळू, भेळेच्या गाड्या आणि संध्याकाळची गर्दी उभी राहते. थोडा अधिक जाणता असेल त्यास १९३२ साल आठवेल. त्या वर्षीं १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एका लहानशा विमानानें ह्याच जुहूच्या विमानतळावर उतरले. तेव्हां यंत्रांचें कौतुक आमच्या ह्या भागाला नवें नाहीं. गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरापासून पायीं जाण्याच्या अंतरावर, एका महाविद्यालयाच्या सभागृहांत, शाळकरी मुलांनीं बनविलेल्या यंत्रमानवांचे सामने होते. नातवास त्यांचें वेड असल्यामुळें मीहि गेलों. तेथें जें पाहिलें त्यावरून आजचें हें भाषण सुचलें.

यंत्रमानव हा शब्द ऐकून हात, पाय आणि डोकें असलेली मूर्ति कोणी कल्पूं नये. हीं यंत्रें म्हणजे चार चाकांच्या पेट्या. पुढें चेंडू उचलण्याचा पंजा, आंत बॅटरी व मोटरी, आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या हातांत त्यांचा रिमोट. दोन संघ समोरासमोर. जो अधिक चेंडू आपल्या टोपलींत टाकील त्याची सरशी. उपांत्य सामन्यांत एका यंत्रास पुढच्या बाजूनें उतरता पत्रा लावलेला होता. चेंडूकडे धांवतां धांवतां तो पत्रा प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राखालीं शिरला आणि तें यंत्र कासवासारखें उताणें पडलें. चाकें हवेंत फिरत राहिलीं. तीन महिन्यांची मेहनत एका क्षणांत आडवी झाली. ज्यांचें यंत्र पडलें तीं मुलें रडकुंडीस आलीं. परंतु मुलांपेक्षां पालकच अधिक खवळले. “मुद्दाम पाडलें,” असें एक बाजू म्हणूं लागली. “चेंडूच घ्यावयास गेलें होतें,” असें दुसरी. पंच होती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांतील एक मुलगी. तिच्याभोंवतीं दहा-बारा मोठीं माणसें हातवारे करीत उभीं राहिलीं.

यंत्राला मन नाहीं. मग ‘मुद्दाम’ ह्याचा निवाडा कशावरून करावयाचा? मुलाचीं बोटें रिमोटवर आणि पंचाची दृष्टि मैदानावर. दोन्हीकडे एकाच वेळीं पाहणारा पंच अजून जन्मास यावयाचा आहे. हा प्रश्न विसाव्या-एकविसाव्या शतकानें आणलेला वाटतो. परंतु खेळांच्या इतिहासांत तो जुनाच आहे, आणि आपल्या हुतूतूनें त्याचें एक चांगलें उत्तर फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे.

हुतूतू पूर्वीं गांवोगांवीं निराळ्या रीतीनें खेळत. कोठें बाद झालेला गडी पुन्हां उठे, कोठें तो डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. पुण्या-साताऱ्याकडील खेळाडूंनीं व व्यायामप्रेमी मंडळींनीं त्यास वळण लावण्याचा यत्न केला. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम छापले व अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं हा खेळ परदेशी प्रेक्षकांस दाखविला. १९३८ सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सामन्यांत त्यास स्थान मिळालें. १९५० सालीं कबड्डीची अखिल भारतीय संघटना झाली. हा सनांचा पाढा असो. ह्या खेळाचीं दांडगाईसंबंधींचीं कलमें मात्र वाचण्यासारखीं आहेत. चढाई करणाऱ्याचें तोंड दाबूं नये, गळा आवळूं नये, पायांची कात्री घालूं नये. खेळाडूंचीं नखें कापलेलीं असावींत. अंगास तेल चोपडलेलें नसावें. राग धरूं नये किंवा मनांत वाईट आणूं नये अशा उपदेशावर हीं कलमें थांबत नाहींत. नख कापलेलें आहे कीं नाहीं हें सामन्याआधीं पाहतां येतें. तोंडावर हात आहे कीं नाहीं हें सामन्यांत दिसतें. आणि गड्याचा दम टिकला कीं तुटला, हें तर पंचानें ऐकावयाचें असतें! डोळ्यांना जें कळत नाहीं तें कानांवर सोंपविणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यांत नाहीं.

क्रिकेटला मात्र हें शहाणपण उशिरां आलें. १९३२-३३ च्या मोसमांत इंग्लंडच्या संघानें ऑस्ट्रेलियांत फलंदाजाच्या अंगाच्या रोखानें आंखूड टप्प्याचे वेगवान चेंडू टाकण्याचें तंत्र वापरलें, त्यावरून दोन देशांत केवढें वितुष्ट आलें हें सर्वश्रुत आहे. त्या संघाचा कर्णधार डग्लस जार्डिन आमच्याच मलबार हिलवर १९०० सालीं जन्मलेला. पुढें १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर झाला तोहि त्याच्याच नेतृत्वाखालीं. ऑस्ट्रेलियांतील पंच स्वस्थ राहिले, कारण लिखित नियम मोडलेला नव्हता. नंतर, थेट फलंदाजावर पद्धतशीर मारा होत आहे असें पंचास वाटल्यास त्यानें तो थांबवावा, असें ठरलें. परंतु ‘वाटणें’ ही फार निसरडी जमीन आहे. १९५७ सालीं लेग बाजूस फलंदाजाच्या मागें दोनांहून अधिक क्षेत्ररक्षक ठेवूं नयेत असा नियम झाला, तेव्हां पंचाचें काम माणसें मोजण्यावर आलें. गोलंदाजाच्या अंतःकरणांत डोकावण्याची त्याला तितकी गरज उरली नाहीं.

आतां यंत्रांकडे वळूं. रोबो हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक ह्यांच्या १९२० सालच्या नाटकामुळें जगभर झाला. त्याच्या मुळाशीं वेठबिगार ह्या अर्थाचा चेक शब्द आहे. नाटकांत हे रोबो आपल्या मालकांवरच उलटतात, म्हणजे दांडगाई ह्या जातीच्या रक्तांतच म्हणावयाची! विद्यार्थ्यांच्या यंत्रस्पर्धांचा उगम मात्र शांत वर्गखोल्यांतला. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेंत १९७० च्या दशकांत वुडी फ्लॉवर्स हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना सारखेंच सामान देऊन त्यांतून यंत्र बनविण्याची चुरस लावीत. जपानांत मासाहिरो मोरी ह्या प्राध्यापकांनीं पुढच्या दशकांत तसेंच केलें. १९८८ पासून जपानी नभोवाणी संस्था एन. एच. के. हिनें त्या सामन्यांस देशव्यापी रूप दिलें. २००२ सालीं आशिया-पॅसिफिक विभागांतील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांच्या संघटनेनें ह्या ‘रोबोकॉन’ची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा टोकियोस घेतली. भारताचा संघ दूरदर्शनच्या राष्ट्रीय स्पर्धेंतून निवडला जातो. म्हणजे ध्वनिक्षेपकापुढें बसून मी ज्या विषयावर बोलत आहें, तो ह्या घराला अगदींच परका नव्हे.

ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा दोनदां पुण्यास झाली, आणि दोन्ही वेळां खेळ आपल्या घरचे होते. २००८ सालीं विषय होता गोविंदाचा. यंत्रांनीं उंचावरच्या हंडींतील लोणी काढावयाचें. २०१४ सालीं एक यंत्र पालक व दुसरें बाळ, आणि पालकानें बाळास बागेंत नेऊन झोपाळ्यावर व सी-सॉवर बसवावयाचें. हा दुसरा खेळ तर इतका सौम्य होता, कीं त्यांत दांडगाई करूं म्हटलें तरी ती घरच्या बाळाशींच करावी लागली असती. २०२० चा विषय फिजीच्या यजमानांनीं रग्बीवरून घेतला. रग्बी म्हणजे अंगावर अंग टाकण्याचा खेळ. परंतु येथें प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या जागीं निर्जीव अडथळे उभे केले होते. धडक द्यावयास समोर प्रतिस्पर्धीच ठेवला नाहीं.

ह्या सर्वांत मला मोलाचा वाटतो तो २०२२ चा दिल्लीचा खेळ. तो होता लगोरी. आपल्यापैकीं ज्यांनीं लहानपणीं लगोरी खेळली असेल त्यांना तिच्यांतील गोडी व तिच्यांतील मार दोन्ही आठवत असतील. लगोऱ्या रचणाऱ्याच्या पाठींत चेंडू बसला म्हणजे डोळ्यांपुढें काजवे चमकत. लागला कीं नाहीं ह्यावरून अर्धा डाव भांडणांत जाई. “कपड्याला लागला, अंगाला नाहीं,” हें वाक्य मीं लहानपणीं किती वेळां उच्चारलें असेल! यंत्रांच्या लगोरींत पांच चकत्यांची रास एका संघानें चेंडूनें फोडावयाची व त्याच्या दुसऱ्या यंत्रानें ती पुन्हां रचावयाची. प्रतिपक्षानें चेंडू मारून त्यास अडवावयाचें. मग लागलें कीं नाहीं, हें कसें ठरवावयाचें? योजकांनीं रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर एक चेंडू ठेवला. तो खालीं पडला कीं यंत्र बाद. मार यंत्राच्या अंगावर घेण्याची गरज नाहीं, आणि पंचास वाद घालण्याची सोय नाहीं. चेंडू पडलेला शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकासहि दिसतो. आमच्या बाळपणच्या लगोरींत हें कोणास सुचतें तर पुष्कळ मैत्र्या टिकल्या असत्या.

ह्याच्या उलट टोंकास पवईच्या आय. आय. टी. च्या टेकफेस्ट महोत्सवांतील रोबोयुद्धें आहेत. तेथें भक्कम पारदर्शक भिंतींच्या पिंजऱ्यांत यंत्रें एकमेकांस कापतात, फेंकतात, ठिणग्या उडतात. तेथें दांडगाई हाच खेळ असल्यामुळें पंचास हेतु शोधण्याचें कारण पडत नाहीं. कित्येक वडीलधाऱ्यांस तो प्रकार रानटी वाटतो; मला तसा वाटत नाहीं. दोघांनीं जाणून स्वीकारलेला मार आणि एकावर नकळत आलेला मार ह्यांत भेद आहेच.

खरी अडचण मधल्या खेळांत आहे, जेथें चेंडू टोपलींत टाकणें हें ध्येय आणि प्रतिस्पर्ध्यास अडविणें हेंहि मान्य. अमेरिकेंत डीन केमन ह्यांनीं १९८९ सालीं ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. तिचे पहिले सामने १९९२ सालीं झाले, व वर सांगितलेले फ्लॉवर्स तिचे मोठे आधारस्तंभ होते. चुरस कडवी असावी पण वागणें सभ्य असावें, हा त्यांचा आग्रह. मुंबईच्या शाळकरी मुलांचे संघहि ह्या सामन्यांस परदेशीं गेले आहेत. नुसत्या सभ्यतेच्या आग्रहावर भागत नाहीं हें त्या संस्थेस अनुभवानें कळलें असावें. तिनें यंत्रांभोंवतीं बंपर सक्तीचे केले. लांकडी पट्टीवर, पोहावयास शिकणारीं मुलें धरतात तसल्या फेंसाच्या नळ्या, वरून कापड. एका यंत्रानें दुसऱ्यास कोंडून धरलें तर पंच सेकंद मोजूं लागतो. आणि अलीकडच्या नियमांत एक शब्दप्रयोग आला आहे तो मला फार महत्त्वाचा वाटतो: जाणूनबुजून केलेलें नुकसान तर दंडनीय आहेच, परंतु प्रतिस्पर्ध्याच्या चौकटीच्या आंत तुमचें यंत्र जाऊन भिडलें व त्यास इजा झाली, तर हेतु कांहींहि असो, दंड होईल. हेतूची जागा रेषेनें घेतली. शिवाय मुख्य पंचाचा निर्णय अंतिम. चित्रफीत पुन्हां दाखवून तो बदलतां येत नाहीं. आणि पंचाशीं बोलावयाचें असेल तर संघांतील एका विद्यार्थ्यानेंच बोलावें. पालकांना व शिक्षकांना तेथें प्रवेश नाहीं. हें कलम ज्यानें लिहिलें त्यानें आमच्यासारखीं माणसें जवळून पाहिलेलीं दिसतात.

मी स्वतः प्राथमिक शिक्षक असतांना पुष्कळ वर्षें आंतरशालेय हुतूतूचा पंच होतों. एका सामन्यांत एका मुलानें चढाई करणाऱ्याचा पाय धरला. तो गडी पडला व त्याचा हात मोडला. मला वाटलें, मुद्दाम केलें. मीं त्या मुलास उरलेल्या सर्व सामन्यांतून काढलें, आणि शाळेंतहि चार शब्द सुनावले. महिन्याभरानें हात मोडलेला मुलगाच मला म्हणाला, “गुरुजी, माझाच पाय वाळूंत रुतला होता.” मीं त्या पहिल्या मुलास बोलावून घेतलें, तो आला, मान खालीं घालून उभा राहिला, “हो गुरुजी” म्हणाला, आणि पुन्हां कधीं मैदानावर दिसला नाहीं. पाय धरणें नियमांत बसत होतें. मीं नियमाकडे पाहावयाचें सोडून त्याच्या मनाकडे पाहिलें, आणि तें मला वाचतां आलें नाहीं.

म्हणून सभागृहांतील ती पंच मुलगी काय करते इकडे माझें लक्ष होतें. तिनें मोठ्या माणसांस दोरीमागें जावयास सांगितलें, दोन्ही संघांच्या कर्णधारांना जवळ घेतलें व नियमपत्रक उघडलें. त्यांत लिहिलें होतें, “मुद्दाम नुकसान करणाऱ्यास बाद करावें.” तिनें दोनदां वाचलें. “मुद्दाम होतें असें मी म्हणूं शकत नाहीं,” असें सांगून तिनें डाव पुन्हां खेळविण्याचा निर्णय दिला. पडलेल्या यंत्राचा आंस वांकला होता; दिलेल्या अर्ध्या तासांत तो सरळ झाला नाहीं, आणि समोरचा संघ अंतिम सामन्यांत गेला. पत्रकांत जें होतें त्याप्रमाणें ती चुकली नाहीं. पत्रकच अपुरें होतें. तो पत्रा जमिनीपासून किती उंच असावा हें सामन्याच्या सकाळीं पट्टीनें मोजावयास हवें होतें. हुतूतूवाले नखें पाहतात तसें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. तें पत्रा लावलेलें यंत्र माझ्या नातवाच्या संघाचें होतें. रात्रीं चौपाटीच्या बाजूनें घरीं परततांना मीं त्यास विचारलें, “काय रे, मुद्दाम पाडलेंत का?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, पाडायचं म्हणून नाही गेलो. पण पत्रा खाली शिरतो हे आम्हांला सरावातच कळलं होतं. काढला नाही, एवढंच.” मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं.

ह्या वर्षींच्या नियमपत्रकांत पुढच्या भागाची उंची मोजण्याचें कलम आलें आहे. पत्रा त्यांनीं कापला आहे. कुंपणाशीं रेटून धरणें हें कोंडणें समजावें कीं नाहीं, ह्यावर मात्र दोन संघांचीं मुलें आमच्या घरीं बसून अजून वाद घालीत आहेत.