रेडिओ-नियंत्रित छोटी विमाने : ऑनलाइन साधने (दक्षिण व मध्य मुंबई)

जमिनीवर उभे राहून रेडिओलहरींच्या साहाय्याने छोटी विमाने उडवण्याच्या छंदाला उपयोगी पडणारे, इंटरनेटवर मिळणारे नकाशे, आराखडे, गणिती साधने, सिम्युलेटर आणि नियमावल्या. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतल्या हौशी माणसाचा बहुतेक छंद याच साधनांवर चालतो. इथे विमान बांधायला घरात एक टेबल पुरते, सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनपासून चालत गेले की लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण उडवायला मोकळे आकाश मिळत नाही. म्हणून शिकणे आणि बांधणे घरी होते, उड्डाण सुटीच्या दिवशी शहराबाहेर.

विमानाचा आराखडा शोधण्याआधी आकाशाचा नकाशा उघडावा. केंद्र सरकारचे ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले आणि पुढच्याच महिन्यात ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर देशाच्या हवाई क्षेत्राचा नकाशा सर्वांसाठी खुला झाला. त्यात हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन विभाग आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी हवाई परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल विभागात थेट केंद्र सरकारची परवानगी लागते. दादर आणि परळ सांताक्रूझच्या विमानतळापासून सरळ रेषेत १२ किलोमीटरच्या आत आहेत. दक्षिणेला कुलाब्यात नौदलाचा आय.एन.एस. शिक्रा हा हेलिकॉप्टरतळ, नौदलाची गोदी आणि नरिमन पॉइंटला मंत्रालय व विधानभवन. शिवाजी पार्कचे मैदान कितीही मोठे दिसले, तरी ते या छंदासाठी नाही.

याच नियमांत छंदाच्या विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे. वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि विमान सतत चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. अशा विमानाला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. ही सवलत प्रमाणपत्रापुरती आहे; तिच्यामुळे लाल विभाग हिरवा होत नाही.

नकाशाच्या जोडीला मुंबई पोलिसांचे आदेश वाचावे लागतात. ड्रोन, रिमोटवर चालणारी हलकी विमाने, पॅराग्लायडर यांवर ठरावीक मुदतीची बंदी घालणारे आदेश पोलीस वेळोवेळी काढतात आणि त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. या बंदीबद्दल छंदवाल्यांत कुरकुर चालते, पण बंदी रास्त आहे. किलोभर वजनाचे, नाकाशी पंखा फिरणारे विमान चाळीच्या गॅलरीत किंवा गणपतीच्या दिवसांत लालबागच्या गर्दीत कोसळले, तर काय होईल हे सांगायला नको.

हवेत जाण्याआधीचे शिक्षण सिम्युलेटरवर होते. ‘पिकासिम’ फुकट आहे, ‘सीआरआरसीसिम’ मुक्तस्रोत आहे, ‘रिअलफ्लाइट’ विकत घ्यावे लागते. यांतले कोणते घ्यावे यावर वेळ घालवण्यापेक्षा खरा ट्रान्समीटर केबलने संगणकाला जोडण्यावर भर द्यावा; कीबोर्डवर बोटांना काहीच वळण लागत नाही. ‘एजटीएक्स’ ही मुक्त प्रणाली असलेले ट्रान्समीटर यूएसबीने जोडले की संगणक त्यांना जॉयस्टिक म्हणून ओळखतो. नवशिक्याचे विमान बहुधा एकाच ठिकाणी पडते. दूर जाताना सगळे सोपे असते, पण वळून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. त्या वेळी जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला स्टिक ढकलायची; पंख सरळ होतो. हे वाचून कळते, पण हाताला सिम्युलेटरवरच येते, आणि तिथे पडलेले विमान एक बटण दाबले की पुन्हा उभे राहते.

आराखड्यांसाठी ‘आउटरझोन’ हे जुन्या आराखड्यांचे फुकट भांडार आहे. बाल्सा लाकडाच्या जमान्यातली हजारो विमाने तिथे स्कॅन करून ठेवली आहेत. फोमबोर्डच्या विमानांसाठी अमेरिकेतल्या ‘फ्लाइट टेस्ट’चे आराखडे आणि बांधणीचे व्हिडिओ नवशिक्याला अधिक सोयीचे. छापताना एक काळजी घ्यावी. झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ दिली की तिथला मुलगा सवयीने ‘फिट टू पेज’ ठेवतो आणि आराखडा थोडासा आक्रसतो. मग खाचेत मोटारीचा माउंट बसत नाही, आणि चूक फोम कापल्यावर कळते. ‘ॲक्चुअल साइझ’ सांगावे, पहिल्या पानावरची मोजपट्टी फूटपट्टीने तपासावी, मगच उरलेली पाने काढावीत. त्या आराखड्यांतला फोमबोर्ड साधारण ५ मिलिमीटर जाडीचा आणि वजनाला हलका असतो. आपल्याकडे फलकवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड बराच जड असतो; घेण्याआधी तुकडा काट्यावर ठेवून पाहावा.

गणितासाठी ‘ईकॅल्क’ मोटार, प्रोपेलर आणि बॅटरी यांचा मेळ बसवून देते. गुरुत्वमध्य काढून देणारी पानेही बरीच आहेत, पण मूळ हिशेब हाताने करून पाहावा. १.२ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद सरळ पंखाचे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर होते. विमान ८०० ग्रॅमचे असेल, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे ३३ ग्रॅम भार येतो. शिकण्यासाठी हे ठीक आहे. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात हवा, म्हणजे इथे ५ ते ६.७ सेंटिमीटरवर. तो मागे गेला तर विमान शेपटीवर बसते आणि हाताबाहेर जाते. ज्यांना पंखाच्या छेदाचा अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सुमारे १,६०० छेदांचे आकडे आहेत. त्यांचे विश्लेषण करणारा ‘एक्सफॉइल’ हा प्रोग्रॅम एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिला, तोही फुकट आहे. एसएई संस्थेच्या विमानरचना स्पर्धेत उतरणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हीच साधने वापरतात.

स्पर्धांचे नियम १९०५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या (एफएआय) संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मुंबईकराने त्यातला ‘एफ३पी’ हा सभागृहात उडवायच्या विमानांचा विभाग जरूर पाहावा. हलक्या फोमची ही विमाने चालण्याच्या वेगाने उडतात. शाळेचे मोठे सभागृह किंवा बॅडमिंटन हॉल मिळाला, तर मुलांना विमान दाखवायला गावाबाहेर जावे लागत नाही.

खरेदीबाबत दोन गोष्टी. पूर्ण जोडलेले, अर्धवट जोडलेले किंवा सुट्या संचाच्या रूपातले परदेशी ड्रोन आयात करायला विदेश व्यापार महासंचालनालयाने ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातली आहे. सुट्या भागांना ती नाही. परदेशी दुकानाच्या पानावर ‘भारतात पाठवतो’ असे लिहिले, तरी कस्टम्समध्ये माल अडकू शकतो. दुसरे, ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झचाच घ्यावा. भारतात हा पट्टा परवानामुक्त आहे. जुन्या संचांत दोघांचे क्रिस्टल एकाच चॅनेलचे निघाले की एकाचे विमान हमखास पडत असे. आता ती भीती राहिलेली नाही. बॅटरीचे कनेक्टर, हीट श्रिंक, सर्वो मोटारींच्या वायरी यांसाठी कुरिअरची वाट पाहण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडच बरा.

या सगळ्या साधनांत मराठी फार कमी आहे. वैज्ञानिक पाया समजून घ्यायला मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन खंडांतल्या नोंदी वाचता येतात, पण पंख कसा कापावा, लिथियम बॅटरी ठेवताना प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास का ठेवावा, पहिले उड्डाण किती वाऱ्यात करावे, हे सांगणारे मराठी लेखन शोधून मिळत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला इंग्रजी व्हिडिओ पाहून हात चालवता येतो, कारण मात्र समजत नाही. ज्यांनी चार विमाने बांधली आणि दोन पाडली, त्यांनी मापे, वजने आणि चुका यांसकट आपली एक बांधणी मराठीत लिहून इंटरनेटवर टाकावी.